आधी आढं बघ

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते. इंजिनिअरचा अहवाल दोनदा वाचला, फोटो मोठे करून बघितले. ‘छत ठिकठिकाणी सदोष’ या ओळीखाली तू लाल रेघ मारलीस आणि पुढे एवढंच लिहिलंस, ‘ताई, सोडून द्यायचं का?’

सोडू नकोस. आणि जावईबापू म्हणतायत तसा सोमवारी इसारही देऊ नकोस. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ देत. सांगलीच्या गावभागातलं घर आहे, लगेच कुणी पळवून नेत नाही.

अहवालात छताचे नऊ दोष आहेत म्हणून घर नऊ पट वाईट, असं नसतं गं. दिसेल ते लिहायचं हे इंजिनिअरचं काम. सरकलेलं कौलही तो लिहितो आणि कुजलेली तुळईही लिहितो, एकाखाली एक, सारख्याच अक्षरात. त्यातलं थोरलं-धाकटं आपण ठरवायचं. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने एकच प्रश्न लिही: हे पाण्याचं दुखणं आहे की हाडांचं? पाण्याचं म्हणजे वरून पाणी आत येतंय, पण छत ज्याच्यावर उभं आहे ते धड आहे. त्याला पैसे लागतात, एक पावसाळा मनस्ताप होतो, पण ते बरं होतं. हाडांचं म्हणजे वासे, तुळया, सळ्या, भिंती, ज्यांनी भार पेलायचा तेच खचलेत. आणि पाण्याचं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं की त्याचंच हाडांचं होतं. म्हणून मालकिणीला ‘गळतं का?’ एवढंच विचारून थांबू नकोस, ‘किती वर्षं गळतंय?’ हेही विचार.

मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. साताऱ्यातलं हे पेठेतलं घर आम्ही बघितलं ते एप्रिलमध्ये. पुढची बाजू कौलारू, मागे स्लॅब, तुझ्या घराच्या अगदी उलटं. आत शिरल्यावर नव्या रंगाचा वास आला आणि मला वाटलं, किती निगुतीने ठेवलंय यांनी घर. छताखाली पांढऱ्या फळ्या ठोकलेल्या, त्यांनाही रंग. वर काय आहे ते आम्ही बघितलंच नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता धाकट्याच्या अंथरुणावर थेंब पडायला लागले. आधी एक पातेलं, मग तीन, मग परात.

पाऊस ओसरल्यावर सुतारमामांना बोलावलं. त्यांनी दोन फळ्या काढल्या, शिडीवर चढले आणि तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे खिशातला स्क्रू ड्रायव्हर टेकवला. ठोकला नाही, नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला भुसा होता, ओला, चहाच्या चोथ्यासारखा. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. सागवानाची तुळई होती, मधोमध ठणठणीत. कुजली होती ती फक्त भिंतीतल्या वीतभर भागात, जिथे कधी ऊन लागत नाही, वारा लागत नाही आणि वळचणीचं पाणी भिंतीतून झिरपत राहतं. तो वीतभर भाग बघितला असता, तर घर घेतलं असतं तरी त्या किमतीला घेतलं नसतं.

म्हणून कौलारू भागापासून सुरुवात कर. तुझ्या अहवालात मागच्या स्वयंपाकघराबद्दल ‘कौले तडकलेली, आढ्याला किंचित बाक’ असं आहे. तडकलेल्या कौलांची काळजी करू नकोस. आठवतं ना, आप्पा दर मे महिन्यात शाकारणी करायचे, आपण दोघी खालून कौलं वर द्यायचो. कौल तडकतं, वानरं नाचतात, झाडाची फांदी पडते. ते बदलायचंच असतं. बदलताना एवढंच बघ की जुन्या मंगलोरी कौलावर कारखान्याचा शिक्का असतो. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला पहिला कारखाना काढला, मग बघता बघता कितीतरी निघाले आणि प्रत्येकाच्या कौलाची खाच थोडी वेगळी. एकाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, फट राहते आणि वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. उतरवलेली जुनी कौलं जिथे विकत मिळतात तिथे शिक्का जुळवून घे.

माझं लक्ष गेलं ते ‘किंचित बाक’ या शब्दांकडे. मागच्या गल्लीत जा, पंचवीस-तीस पावलं लांब उभी राहा आणि आढं बघ. घराचं आढं सुतासारखं सरळ दिसलं पाहिजे. मधोमध बसलं असेल तर खालची तुळई वाकलीय किंवा कैची सैल झालीय. एकाच टोकाला उतरलं असेल तर त्या टोकाची भिंत बसलीय, आणि ते जास्त वाईट. पाखं बघ, कौलांच्या ओळी सरळ आहेत की मध्ये लाट आलीय? लाट म्हणजे रिपा नाहीतर वासे गेलेत. मग पोटमाळ्यावर चढून टॉर्च बंद कर. दिवसा अंधारात उभी राहिलीस की जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येतं. टॉर्च लावून वाशांची भिंतीकडची टोकं बघ आणि स्क्रू ड्रायव्हर दाबून बघ. वाळवीची मातीची नळी दिसली तर बोटाने मोड. कोरडी, भुसभुशीत निघाली तर जुनी असेल. आत पांढरे किडे हलताना दिसले तर ती आजची आहे. दोन पाखं जिथे एकमेकांना मिळतात तिथली पन्हळ हात घालून बघ. पालापाचोळा कुजून तिची माती झालेली असते आणि त्याखालचा पत्रा चाळणीसारखा.

आता स्लॅब. याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण भीती इथेच आहे आणि इथेच आपण फसतो.

सांगलीत पाऊस कमी म्हणून लोक स्लॅबकडे बघत नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तुमच्याकडे सहाशेच्या आसपास. पण कमी पावसात दोष लपून राहतो, बरा होत नाही. आमच्याकडे पहिल्याच आषाढात जे उघडं पडतं ते तुमच्याकडे पाच-सात वर्षं आतल्या आत चालू राहतं. शिवाय ऊन. मे महिन्यात चाळीस अंशांच्या उन्हात स्लॅब दिवसभर फुगते, रात्री आकसते आणि रोजच्या या ओढाताणीत गच्चीच्या कठड्याच्या मुळाशी केसासारखी भेग पडते. म्हणून तिथे गोलाई देऊन सिमेंटचा वाटा करतात. गच्चीवर गेलीस की तो वाटा चारी बाजूंनी नखाने चाचपत जा. बहुतेक गळती गच्चीच्या मध्यातून येत नाही, या कडेने येते, नाहीतर पाइप जिथे स्लॅबमधून खाली उतरतो तिथून किंवा पाण्याच्या टाकीखालून.

खालून छताचे डाग वाचता येतात. तपकिरी कडा असलेला नकाशासारखा डाग म्हणजे पाणी आलं, वाळलं, परत आलं. पांढरी भुकटी किंवा चुन्याची बारीक लोंबती टोकं म्हणजे पाणी काँक्रीटमधून वाट काढत त्यातला चुना धुऊन आणतंय, खूप दिवसांपासून. इथवर पाण्याचं दुखणं. पण गंजाच्या रंगाची सरळ रेघ दिसली आणि वीतभर अंतरावर तशीच दुसरी, तर ती सळ्यांची ओळ आहे गं. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून देतो. तेच पोपडे पडतात. अहवालात ज्याला ‘स्पॉलिंग’ म्हटलंय ते हेच. तुझ्या बैठकीच्या खोलीत दोन ठिकाणी लिहिलंय.

तिथे असं कर. स्टुलावर उभी राहून लाकडी मुठीने छत ठोकत जा. भरीव जागी टकटक असा आवाज येतो. पोकळ जागी मडक्यावर वाजवल्यासारखा बद्द आवाज येतो. पोकळ आवाज कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते खडूने आखून ठेव. दोन ठिकाणी हात-दोन हात निघालं तर माणूस बोलावून सळ्या घासून, गंजरोधक लावून, खास गिलाव्याने भरून घेता येतं. निम्म्या खोलीभर खडू फिरला तर मात्र थांबायचं. मग इंजिनिअरला सांगून सळईची उरलेली जाडी मोजून घ्यायची, तुळईजवळची स्लॅब तपासून घ्यायची. त्या तपासणीचे पैसे जास्त वाटतील. घराच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत.

एक गोष्ट मला माहीत नव्हती आणि कळल्यापासून मी कुणाच्याही बाल्कनीखाली उभी राहिले की वर बघते. खोलीच्या स्लॅबमधल्या मुख्य सळ्या खालच्या अंगाला असतात, म्हणून गंजल्या की खालून दिसतं. पण सज्जा, छज्जा, बाल्कनी, जे एका बाजूनेच धरलेलं असतं, त्याच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. पाणी वरूनच मुरतं, म्हणजे थेट त्यांच्यावर. त्या आत खाल्ल्या जातात आणि खालून बघितलं तर सगळं गुळगुळीत. म्हणून छज्जा नेहमी वरून बघायचा, भिंतीला जिथे चिकटतो त्या ओळीत भेग आहे का, गवत उगवलंय का, पिंपळाचं रोप आलंय का. तुझ्या फोटोत पुढच्या खिडकीवरच्या छज्ज्यात हिरवं काहीतरी आहे. ते शेवाळ असू दे, पण जाऊन बघ. आणि तोवर मुलांना त्याखाली खेळू देऊ नकोस.

गळतंय म्हटलं की लोक काय करतात? वर अजून एक कोबा. दहा वर्षांनी परत गळलं की त्यावर तिसरा. मालकीण अभिमानाने सांगेल, ‘आम्ही तीनदा वॉटरप्रूफिंग केलंय.’ तू मनात हिशेब कर. एका ब्रासवर, म्हणजे शंभर चौरस फुटांवर, एक इंच कोब्याचं वजन साधारण अर्धा टन होतं. चार इंच कोबा म्हणजे दोन टन, आणि असे थर एकावर एक. त्यावर हजार लिटरची टाकी म्हणजे आणखी एक टन. ज्या स्लॅबच्या सळ्या आधीच बारीक झाल्यात तिच्या डोक्यावर हे ओझं. कोबा किती जाड आहे ते कळायचा सोपा मार्ग आहे: गच्चीच्या दाराचा उंबरठा बघ. बाहेरची फरशी उंबरठ्याच्या बरोबरीला आली असेल नाहीतर वर गेली असेल, तर खाली थर साचलेत. आपल्या आजीच्या बहिणीकडे आटपाडीला माळवदाचं घर होतं ना, तिथेही हेच झालं होतं. दरवर्षी पांढरी माती टाकून तुडवायची, जुनी काढायची नाही. मातीचा थर वाढत गेला आणि एका ओल्या वर्षी तुळई बसली. माळवद थंड असतं, छान असतं, दोष त्या छतात नव्हता, वरच्या भारात होता.

पाणी साठतं का ते बघायला दोन बादल्या गच्चीवर ओत. दहा फुटांना सव्वा इंच उतार हवा, म्हणजे पाणी आपणहून नळीकडे धावलं पाहिजे. मध्येच तळं करून थांबलं तर तिथेच मुरतं. नळीचं तोंड बंद करून इंचभर पाणी दोन दिवस साठवायचीही पद्धत आहे, पण सळ्या उघड्या पडलेल्या छतावर हा प्रयोग करू नकोस, पाण्यालाही वजन असतं. आधी खडूची आखणी, मग पाणी.

गच्चीवरची पत्र्याची खोली मला फारशी आवडलेली नाही. तिचे खांब स्लॅबला भोक पाडून बोल्टने बसवलेत, म्हणजे प्रत्येक बोल्ट गळतीची एक जागा. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडाला तर शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. पत्र्याच्या हुकांखालचे वायसर हाताने फिरवून बघ, सुकून कडक झाले असतील तर सगळे बदलावे लागतील. पत्रा सिमेंटचा असेल तर त्याला करवत किंवा ड्रिल लावू देऊ नकोस. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. अख्खा ठेवायचा नाहीतर अख्खा, ओला करून उतरवायचा. आणि ती खोली मंजूर नकाशात आहे का, ते महापालिकेत विचार. नसेल तर तिचे पैसे का मोजायचे?

आता भिंतींचं. छताविषयी बोलता बोलता भिंतीवर आले कारण छत भिंतीवरच उभं असतं. आणि सांगलीतल्या भिंतींना पूर माहीत आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. 45 फूट ही धोक्याची पातळी, म्हणजे त्याच्याही वर बारा फूट. 2021 ला परत आली. मागचं स्वयंपाकघर मातीत बांधलेल्या विटांचं आहे. अशी भिंत आठवडाभर पाण्यात उभी राहिली की आतला मसाला लोण्यासारखा होतो, मग वाळते, पण बसते. बसली की वरचं आढं एका टोकाला उतरतं. म्हणून मला तुझा तो ‘किंचित बाक’ टोचतोय. पाणी कुठवर आलं होतं ते मालकिणीला विचारू नकोस, समोरच्या दुकानदाराला विचार, शेजारच्या आजींना विचार. सांगलीत प्रत्येकाला आपल्या आळीतली ती रेघ पाठ आहे. मग त्या रेघेखालचा रंग वरच्यापेक्षा नवा आहे का ते बघ.

भेग दिसली की घाबरायचं नाही, तिचं वय विचारायचं. आत रंग गेलेला, धूळ बसलेली, कोळ्याचं जाळं आहे, तर ती जुनी. आमच्या या घरात एक भेग आहे, शेजारचे काका सांगतात ती 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेची, कोयनेच्या भूकंपाची. इतक्या वर्षांत ती केसभर हललेली नाही. कडा धारदार, आत स्वच्छ असतील तर ती ताजी. तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटव आणि तारीख लिही. भिंत हलली की काच तडकते. म्हणूनच तुला म्हटलं, मध्ये दिवस जाऊ देत. दहा दिवसांत पूर्ण कळणार नाही, पण पट्टी तडकली तर मात्र लगेच कळेल.

आता पैशांचं, कारण तू ते विचारायला लाजतेस. बँकेचा माणूस घर बघून गेला म्हणून निर्धास्त राहू नकोस, तो बँकेचं कर्ज बुडणार नाही ना एवढंच बघतो. वकील तीस वर्षांचा सर्च घेतील, पण तो कागदांचा, तुळयांचा नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 55 आहे. त्यात म्हटलंय की विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजीने बघूनही सापडला नसता असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. हे वाचल्यावर मला आधी बरं वाटलं. मग त्याची दुसरी बाजू कळली. जे साधारण काळजीने बघितलं असतं तर दिसलं असतं, त्याची जबाबदारी आपल्यावर येते. गल्लीतून दिसणारं वाकलेलं आढं ‘मला कुठे माहीत होतं’ म्हणून नंतर भांडता येत नाही. म्हणून प्रश्न तोंडी विचारू नकोस, लिहून विचार. गळती कधीपासून, दुरुस्ती कधी, कुणाकडून, पुरात पाणी कुठवर. उत्तरही लेखी घे, साधा व्हॉट्सअ‍ॅप चालेल. जे दुरुस्त करायचं ठरेल ते साठेखतात ओळीने लिहून घे: कुणी करायचं, कधीपर्यंत, नाही केलं तर किमतीतून किती वजा. अहवालातल्या हाडांच्या ओळींचा खर्च दोन वेगवेगळ्या मिस्त्रींकडून काढून घे आणि मगच किमतीचं बोल. पाण्याच्या ओळींसाठी फार घासाघीस करू नकोस, मालकीणही एकटी बाई आहे.

जावईबापूंच्या मनात विश्रामबागेतला वरच्या मजल्याचा फ्लॅटही आहे ना? तिथे वेगळं असतं. गच्ची सोसायटीची, म्हणून तिच्या गळतीची दुरुस्तीही सोसायटीच्या खर्चाने. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी तिची स्ट्रक्चरल तपासणी करायची असं सोसायटीच्या आदर्श उपविधीत आहे. सेक्रेटरीकडे शेवटचा अहवाल माग. नवी इमारत असेल तर ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा, हे 2016 च्या रेरा कायद्यात आहे. पण खरं सांगू, तुझं मन त्या गावभागातल्या घरात आहे, मला कळतं. मागच्या अंगणातल्या प्राजक्ताचा फोटो तू छतापेक्षा आधी पाठवलास.

रविवारी सकाळच्या एसटीने मी येते. तुझे दाजी मोठा टॉर्च आणि त्यांचा स्क्रू ड्रायव्हर देणार आहेत. खडू तू आण. शिडी शेजाऱ्यांकडे असेल तर विचारून ठेव, नसेल तर रंगाऱ्याची भाड्याने मिळते. आणि मालकिणीकडून पोटमाळ्याची किल्ली मागून ठेव. ती म्हणेल, ‘तिथं काही नाही, नुसतं अडगळीचं सामान आहे.’ तरीही माग.